१८५४ चा सिद्धांत येशूच्या जन्माविषयी नाही

संपादक महोदय,



‘येशू कुमारीपोटी जन्मला, हे पोपने १८५४ साली ठरवले, म्हणजे ही गोष्ट अठराशे वर्षांनी रचलेली आहे,’ असे विधान डिसेंबर उजाडला की कुठल्या ना कुठल्या लेखात, नाहीतर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुरात वाचायला मिळतेच. आपल्या सदरातील चर्चेतही ते नुकतेच येऊन गेले आणि कोणी त्याला हरकत घेतली नाही. विधान साफ चुकीचे आहे. ते तसेच राहिले तर त्यावर रचलेला पुढचा सगळा युक्तिवाद फुकट जातो, म्हणून हे पत्र.

पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी जो सिद्धांत जाहीर केला, तो येशूच्या नव्हे तर त्याची आई मरिया हिच्याविषयी आहे. परंपरेनुसार मरिया ही योआकीम आणि अन्ना या जोडप्याची मुलगी. तिला आई होती, वडील होते. पित्याविना जन्माचा तिथे प्रश्नच नाही. सिद्धांत एवढेच सांगतो की, आदामापासून साऱ्या मानवजातीला लागलेल्या मूळ पापाचा डाग मरियेला ती आईच्या गर्भात आली त्या क्षणापासून लागला नाही. कॅथलिक त्याला निष्कलंक गर्भसंभव म्हणतात. पणजीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या त्या पांढऱ्याशुभ्र चर्चचे फेस्त ८ डिसेंबरला असते, ते याच श्रद्धेपोटी. दिनदर्शिका उघडली तरी उलगडा होईल. ८ डिसेंबरनंतर बरोबर नऊ महिन्यांनी, ८ सप्टेंबरला, मरियेचा जन्मदिन येतो. वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा त्याच सुमारास भरते. येशूचा हिशेब निराळा आहे. देवदूताच्या निरोपाचा दिवस २५ मार्च आणि नाताळ २५ डिसेंबर.

येशूच्या कुमारीजन्माची कथा मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत पहिल्याच अध्यायात आहे. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस आपल्या पत्रांत तिचा उल्लेख करतो. म्हणजे श्रद्धा खरी की खोटी हा वाद जरूर घालावा, पण ती एकोणिसाव्या शतकातली आहे असे म्हणता येत नाही.

मतभेद नव्हते, असे मी म्हणत नाही. मार्कचे शुभवर्तमान मोठ्या झालेल्या येशूच्या बाप्तिस्म्यापासूनच सुरू होते. योहान बेथलेहेमच्या त्या रात्रीबद्दल एक अक्षर लिहीत नाही. येशूला मानणारा एबियोनी नावाचा पंथ त्याला योसेफाचाच मुलगा समजत असे. दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती विचारवंताने त्रुफो या यहुद्याशी झालेला आपला वाद लिहून ठेवला, त्यात त्रुफो सरळ सुनावतो की, तुमची ही कथा ग्रीकांच्या पर्सियसच्या जन्मकथेसारखी आहे, लाज बाळगा. प्रतिपक्षाचा इतका बोचरा आक्षेप आमच्याच माणसाने आमच्याच ग्रंथात नोंदवला आणि तो आजवर जपला गेला. ‘चर्चने मतभेद दडपले’ एवढ्या एका वाक्यात हा इतिहास मावत नाही.

मरियेच्या निष्पापपणाबद्दल तर खुद्द कॅथलिक चर्चमध्ये काही शतके खडाजंगी चालली. थॉमस अक्वायनससारख्या धर्मपंडिताला ही कल्पना मान्य नव्हती. मरियेला पाप शिवलेच नसेल तर तिला तारणाऱ्याची गरज काय, ही त्याची अडचण होती. डन्स स्कोटसने उत्तर दिले की, पडलेल्याला उचलणे हे जसे तारण, तसेच पडण्याआधी सावरणे हेही तारणच, किंबहुना अधिक मोठे. युक्तिवाद देखणा आहे. तरीही मी प्रॉटेस्टंट असल्याने १८५४ चा सिद्धांत मानत नाही. शास्त्रात तो मला सापडत नाही, आणि लूकच्या पहिल्या अध्यायात मरिया स्वतःच देवाला आपला तारणारा म्हणते. ऑर्थोडॉक्स मंडळी मरियेला सर्वथा पवित्र मानतात, पण हा सिद्धांत त्यांनाही अमान्य आहे. येशूच्या कुमारीजन्माबाबत मात्र आमच्या तिन्ही परंपरांचे अधिकृत म्हणणे एकच आहे. एका गोष्टीवर एकमत आणि दुसरीवर मतभेद असताना दोन्हींची सरमिसळ केली, तर आमच्यातला वाद कशावर आहे हेच वाचकाला कळत नाही.

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती समाजात हा भेद घराघरात आहे. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या बेथेलसारख्या ठिकाणांहून प्रॉटेस्टंट मंडळ्या वाढल्या. वैजापूर-गंगापूरच्या खेड्यांत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या संघाच्या फादरांनी कॅथलिक मंडळ्या उभ्या केल्या. एकाच भावकीतली दोन घरे रविवारी दोन चर्चना जातात. माझ्या मावशीचे सासर कॅथलिक. तिच्या कपाटावर काचेच्या पेटीत लूर्दमातेची मूर्ती असे: पांढरा झगा, निळा कमरपट्टा, पावलांवर सोनेरी गुलाब आणि हाताला गुंडाळलेली जपमाळ. माझ्या आईच्या घरात नुसता लाकडी क्रूस. आई मावशीला म्हणायची, ‘प्रार्थना येशूकडे कर, मध्ये कोणी कशाला?’ मावशीचे उत्तर ठरलेले, ‘लेकाकडे काम असलं तर आपण आधी त्याच्या आईशी बोलतो की नाही?’ दोघींनी आपली बाजू कधी सोडली नाही, आणि एकमेकींचे म्हणणे कधी चुकीचे सांगितले नाही.

शिवाय आपल्या शहरात या विषयावर बोलताना मुस्लिम शेजाऱ्यांना वगळून कसे चालेल? कुराणातील एकोणिसाव्या सूरेचे नावच मरियम. ईसा, म्हणजे येशू, पित्याविना जन्मला, असे कुराण सांगते, आणि तिसऱ्या सूरेत त्याची तुलना आदमशी करते. बुखारीच्या हदीस-संग्रहात म्हटले आहे की, जन्मताना प्रत्येक बाळाला सैतान स्पर्श करतो, अपवाद फक्त मरियम आणि तिच्या मुलाचा. कॅथलिकांच्या ८ डिसेंबरच्या श्रद्धेच्या हे किती जवळ जाते! तरीही ईसा देवाचा पुत्र आहे हे इस्लामला मुळीच मान्य नाही. चमत्कार मानला की देवत्व आपोआप सिद्ध होते, असे समजणाऱ्या आमच्या उपदेशकांनी यावर विचार करावा. आणि सर सय्यद अहमद खान यांच्यासारख्या मुस्लिम विचारवंताने पित्याविना जन्म नाकारला, हेही ध्यानात घ्यावे.

हिंदू आणि बौद्ध मित्र आपुलकीने म्हणतात, ‘आमच्याकडेही कर्ण आहे, मायादेवीचे स्वप्न आहे.’ अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ते स्वप्न आणि लुंबिनीतला बुद्धाचा जन्म चितारलेला आहे, जरूर पाहावा. पण महाभारतात सूर्य हा कर्णाचा पिता आहे, आणि मायादेवी शुद्धोदनाची राणी आहे. लूकच्या कथेत पित्याची जागाच रिकामी आहे. तिथे एक गरीब मुलगी देवदूताला ‘हे कसे होईल?’ असे विचारते, उत्तर ऐकते आणि मग होकार देते. माझ्या लेखी या कथेचा प्राण त्या होकारात आहे. ‘सगळ्या धर्मांत सारखेच’ म्हटल्याने नेमका तोच हरवतो.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण चर्च सांगते म्हणून त्रैक्याचा सिद्धांत पत्करायला त्यांनी नकार दिला आणि आपल्या धर्ममातेशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून त्यांनी अख्खे बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. श्रद्धेची चिकित्सा कशी करावी याचा हा मराठी दाखला आपल्यासमोर आहे. चिकित्सेला माझा विरोध नाही. मात्र ज्याची चिकित्सा करायची ते आधी नीट वाचलेले असावे.

तेव्हा आपणास विनंती की, १८५४ बाबतची दुरुस्ती याच सदरात ठळकपणे छापावी. नाताळ विशेषांकात या विषयावर मजकूर घेणार असाल, तर छापण्यापूर्वी तो एका कॅथलिक फादरांना आणि एका प्रॉटेस्टंट पाळकांना जरूर दाखवावा. दोघे वेगवेगळे सांगतील. ते दोन्ही छापावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
छावणी, छत्रपती संभाजीनगर