एक दिवस खुलताबादला, एकट्याने

आपली माणसे गावाला जातात ती घोळक्याने. लग्नाला, जत्रेला, नाही तर जीप भरून देवाला. घोळक्यात पाहणे कमी आणि मोजदाद जास्त. कोण मागे राहिले, कोणाची चप्पल हरवली. म्हणून मंडळी, सुगी आटोपली की एक दिवस एकट्याने बाहेर पडा. मायबहिणींनीही पडावे. एसटीत त्यांना २०२३ पासून निम्मेच तिकीट आहे.

छत्रपती संभाजीनगरहून खुलताबाद पंचवीसेक किलोमीटर. दौलताबादचा किल्ला मागे टाकून गाडी घाट चढली की हवा बदलते. भाकरी फडक्यात बांधून घ्या, ओळखपत्रही जवळ असू द्या.

सकाळी आधी भद्रा मारुती. मारुती इथे उभा नाही, निजलेला आहे. भद्रसेन राजाचे रामभजन ऐकता ऐकता तल्लीन होऊन आडवा झाला, असे सांगतात. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी पायी येणाऱ्यांची रीघ लागते. त्या दिवशी एकट्याने जाण्यात अर्थ नाही.

तिथून गावात औरंगजेबाच्या कबरीकडे. १६८१ साली तो दक्षिणेत उतरला, मराठ्यांशी झुंजत राहिला आणि परत दिल्लीला गेलाच नाही. १७०७ साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मेला आणि इथे जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात पुरला गेला. वर छप्पर नाही. भोवतीची संगमरवरी जाळी पुष्कळ नंतरची. टोप्या शिवून मिळवलेल्या पैशातच कफन करावे, असे तो सांगून गेला म्हणतात. या कबरीवरून २०२५ साली राज्यात रान पेटले होते. जवळ जाऊन पाहणाऱ्याला दिसते ती उघडी माती. गोवळकोंड्याचा तानाशहा, ज्याचे राज्य याने बुडवले आणि ज्याला दौलताबादेत कोंडून ठेवले, तोही याच गावात पुरलेला आहे. हैदराबादचा पहिला निजामही इथलाच. एवढे राजे एका शिवारात!

बहुतेक गाड्या इथून वेरूळकडे पळतात. आपण पळू नये. एकट्याला कोणी ‘चला, चला’ म्हणत नाही, हाच तर फायदा. जरजरीबक्ष दर्ग्याच्या बाजूला मलिक अंबरची कबर आहे, तिकडे विचारत जा.

हा हबशी माणूस. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेला, हाटाहाटांतून फिरत दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कारभारी झाला. शहाजीराजांच्या तरुणपणी मोगलांना अडवून धरणारा हाच. १६१० साली त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. पण आपल्याला त्याचे खरे देणे वेगळे आहे. वसुलीचे मक्ते घेऊन रयतेला पिळणारे इजारदार त्याने दूर केले, जमिनीची पाहणी करविली आणि जमिनीचा कस व पीक पाहून धारा बसवला. काळ्या रानाचा आणि माळाचा सारा एक नसावा, ही गोष्ट आपल्याला आज साधी वाटते. त्या काळी ती धरून कारभार करायला धमक लागत होती. पुढच्या राजवटींतही ‘मलिकंबरी धारा’ हे नाव टिकले.

१६२६ साली तो गेला. कबर त्याने हयातीतच बांधून ठेवली होती. जवळच बायकोची, बीबी करिमाची कबर. घुमट चांगला भक्कम आहे. गर्दी अशी नसते. भाकरी सोडायची तर हीच वेळ, पण कबरीपासून लांब, एखाद्या झाडाखाली. आणि कागद, पिशव्या तिथे टाकू नका.

दुपारी वेळ उरला तर वेरूळ चारेक किलोमीटरवर आहे. मंगळवारी लेणी बंद असतात, घृष्णेश्वर मात्र उघडा असतो. परतीची शेवटची एसटी किती वाजता ते सकाळी उतरतानाच विचारून ठेवा.