नंद मणियाराचा बेडूक आणि आपले पेव्हर ब्लॉक

चौमासा लागला की व्याख्यानात नंद मणियाराची गोष्ट येतेच. राजगृहीत त्यानं पुष्करिणी बांधली, जीव तिच्यातच गुंतला, आणि मेल्यावर तो त्याच पाण्यात बेडूक होऊन जन्मला. पूर्वभव आठवला तसा महावीरांच्या दर्शनाला निघाला, वाटेत घोड्याच्या टापेखाली चिरडला आणि देवगतीला गेला. ऐकताना आपले डोळे भरतात. मग घरी येऊन सोसायटीच्या कागदावर आपण सही करतो : खड्डा बुजवा, पेव्हर ब्लॉक टाका.

मीही केली, बायांनो. सुरतेत वेसूला आम्ही राहायला आलो तेव्हा कंपाउंडपलीकडे शेत होतं. शेत आणि भिंत यांच्यामध्ये गवताची, पाणी साचणारी पट्टी. धड शेत नाही, धड अंगण नाही. पहिल्या पावसात तिथून असा गलका उठायचा की टीव्ही ऐकू येत नसे. आता तिथं पार्किंग आहे.

बेडकाला तळं पुरतं, असं आपल्याला वाटतं. पण त्याचा जन्म पाण्यात आणि संसार जमिनीवर. खरबरीत पाठीचा भेक बागेत राहतो, अंड्यांच्या माळा सोडायला मात्र पाण्याशी येतो. झाडावरचा बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं करतो, पिल्लं टपकन खाली पाण्यात पडावीत म्हणून. मातीत पुरून बसणारा पावसाची वाट पाहतो. या सगळ्यांची गाठ पडते ती काठावर, बांधावर. आणि आपण नेमका काठच पुसतो.

कुणी म्हणेल, डेंग्यूचं काय? डेंग्यूचा डास कुलर, कुंड्या, टायर, उघडी टाकी यांतल्या साठलेल्या पाण्यात वाढतो. आधी आपली गच्ची बघा. नाल्यात ओतलेलं औषध डासापाशी थांबत नाही. बेडूक कातडीनंही श्वास घेतो, विष तिथूनच आत जातं.

सरकारनं १९८७ मध्ये बेडकाच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. तो कायद्यानं वाचला, पण आपल्या सिमेंटपुढं कायदा चालत नाही. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरबरोबर पहिली आली, त्याचा मलाही अभिमान आहे. पण स्वच्छ म्हणजे कोरडं ठाक, हे कुणी ठरवलं?

पावसाळ्यात जमिनीवर जीव फार, म्हणून आपले साधू-साध्वी विहार थांबवतात. इरियावहियं म्हणताना आपण ओल्या मातीचीसुद्धा क्षमा मागतो. मग पंचेंद्रिय जिवाची ओली जागा बुजवताना ती जयणा जाते कुठं? पांजरापोळीची पावती फाडली म्हणजे जीवदया संपत नाही.

पुढच्या मीटिंगला मी एक हात रुंद पट्टी कच्ची ठेवायला सांगणार आहे. हसतील. तुम्ही तुमच्याकडे सांगा, म्हणजे मी एकटी पडणार नाही.