हरौल्यातील खातेवही

आणीबाणीच्या अमदानीत, १७ एप्रिल १९७६ रोजी, नोएडाची स्थापना झाली तेव्हा आराखडा करणाऱ्यांनी सेक्टरागणिक बाजारपेठेची जागा नेमून दिली. परंतु ज्यांची शेते संपादित होऊन हे सेक्टर वसले, त्या हरौला, निठारी, भंगेल आदी गावांची जुनी वस्ती मध्येच तशीच उरली, आणि कारखान्यांतील मजूर भाड्याची खोली घेऊन तेथे राहू लागला. येथील किराणा दुकानाचे सामर्थ्य जाणून घ्यावयाचे तर सेक्टर अठरामधील मॉल सोडून या गल्ल्यांत शिरावे.

सुपरमार्केटमधील स्वस्ताई पाच किलोची पिशवी एकदम उचलणाऱ्यास लाभते. ज्याची मजुरी पुढील महिन्याच्या सात-दहा तारखेला हाती पडावयाची, त्याने पंचविसाव्या दिवशी ते पैसे कोठून आणावेत? तो पाव किलो तेल, अर्धा किलो आटा मागतो. आणि तेवढेही जमले नाही, तर दुकानदाराच्या लांबट वहीत त्याच्या नावापुढे रक्कम मांडली जाते. तारण नाही, व्याज नाही, केवळ ओळखीची जामिनकी. मार्च २०२० च्या टाळेबंदीत मजुरांचे तांडे पायी गावाकडे निघाले, तेव्हा अशी किती खाती अपुरी राहिली असतील, या विचाराने आजही मन विषण्ण होते.

ऑगस्ट २००७ मध्ये व्यापाऱ्यांच्या आंदोलनानंतर उत्तर प्रदेश सरकारने रिलायन्स फ्रेशची दुकाने बंद करण्याचा हुकूम काढला होता. हुकमाने मिळालेले असले संरक्षण टिकाऊ असते, असे मला वाटत नाही. खरी तफावत खरेदीत आहे: साखळी दुकाने कंपनीकडून थेट माल उचलतात, छोटा दुकानदार तोच माल वितरकाकडून घेतो, म्हणून छापील किमतीखाली उतरण्यास त्याला फारसा वाव नसतो. मुंबईच्या नायगावात १९४८ साली कामगारांनी सहकारी तत्त्वावर ‘अपना बाजार’ उभारला. ते ग्राहकांचे सहकार्य होते. पण हरौल्यातील वीस दुकानदारांनी साखर, डाळ व तेलाची खरेदी त्याच रीतीने एकत्र का करू नये? अडचण मोठी आहे. वितरक आठवडाभर उधारीवर थांबतो, घाऊक बाजारात रोकड मोजावी लागते, आणि दुकानदाराची रोकड तर गिऱ्हाइकांच्या खात्यांत अडकलेली. त्याच खातेवहीच्या भरवशावर अशा संघास खेळते भांडवल द्यावे, ही मागणी येथील व्यापारी मंडळांनी बँकांकडे व नोएडा प्राधिकरणाकडे याच वर्षी लेखी करावी.

— नोएडानिवासी