भिंतीवरचे अमूर्त

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत गेल्या काही वर्षांत बंगले, फार्महाऊस आणि सुट्टीच्या घरांच्या वसाहती झपाट्याने उभ्या राहिल्या. अशा नव्या घरांत सोफ्यामागच्या भिंतीवर हल्ली अमूर्त चित्राला पसंती असते. दोन-तीन रंगांचे मोठे पट्टे, कडा धूसर, आकार भिंतभर. चित्र बहुतेक वेळा छापील असते, त्यावर चित्रकाराचे नाव नसते आणि निवड पडद्यांच्या रंगावरून झालेली असते. घर कसे सजवावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र जे टांगतो ते काय आहे, हे ठाऊक असणे घरमालकाच्याच हिताचे आहे.

छापील चित्र म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. मराठी घरात चित्र आले तेच मुळी छापखान्यातून. राजा रविवर्मांनी 1894 मध्ये मुंबईत शिळाछाप छापखाना काढला. पुढे तो बोरघाटाच्या माथ्यावर, लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका रंगासाठी वेगळा दगड, प्रत्येक दगडाचा ठसा आधीच्या ठशावर अचूक बसवायचा, अशा कष्टाने लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोहोचल्या. ज्यांना मूळ तैलचित्र कधी पाहायला मिळाले नसते, त्यांच्या देव्हाऱ्यात आणि माजघरात चित्र आले, हे त्या छापखान्याचे मोठेच काम.

पण रविवर्मांची सरस्वती छापली तरी सरस्वतीच राहते. वीणा, मोर, कमळ सारे ओळखू येते. केवळ रंगावर उभ्या असलेल्या चित्राचे तसे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये मार्क रॉथ्को, बार्नेट न्यूमन यांनी आकृती आणि कथा बाजूला ठेवून रंगाच्या विस्तीर्ण क्षेत्रांनाच चित्राचा विषय केले. रॉथ्को रंगाचे पातळ थर एकावर एक देत आणि मोठा कॅनव्हास जवळून पाहावा असा आग्रह धरत. हा विचार आपल्यालाही परका नाही. नागपुरात 1924 मध्ये जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले वासुदेव गायतोंडे 1964 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, तेव्हा त्यांचा स्वतःचा रस्ता ठरलेला होता. ते रोलरने आणि पॅलेट नाइफने रंग लावत, खरवडत, पुन्हा लावत आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करत. पुढे 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. प्रभाकर कोलते यांनी तर स्वतःच्या चित्रांबरोबरच जे. जे.मधल्या अध्यापनातून अमूर्ताची जाण पुढच्या पिढ्यांत रुजवली.

या चित्रांत खालचा थर वरच्या थरातून झिरपतो आणि उजेड बदलला की रंगही बदलतो. छपाईत नेमके हेच हरवते. बाजारातली स्वस्त प्रत भिंगाखाली धरून पाहावी. दुरून गडद तपकिरी वाटणारा पट्टा म्हणजे निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांची गर्दी असते. ब्रशचे फटकारे दिसतात, पण बोट फिरवले तर पृष्ठभाग सपाट. काही प्रतींवर पारदर्शक जेल ब्रशने फासून उंचवटे आणलेले असतात, आणि ते उंचवटे खालच्या रंगाच्या दिशेशी जुळतही नाहीत. अशी वस्तू भिंतीची शोभा वाढवील. तिच्याकडून त्याहून अधिकाची अपेक्षा ठेवू नये.

दुसरा मुद्दा हक्काचा. भारतीय कायद्यानुसार चित्रावरचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. रविवर्मा 1906 मध्ये गेले, त्यांची चित्रे कोणीही छापू शकतो. गायतोंडे 2001 मध्ये गेले, म्हणजे त्यांचा हक्क 2061 अखेरपर्यंत आहे. हयात चित्रकारांचा तर आहेच. तरीही नाव पुसून, रंग थोडा फिरवून चित्रे सर्रास छापली जातात. विकत घेणाऱ्याने ‘मूळ चित्र कोणाचे, परवानगी कोणाची?’ एवढे दोन प्रश्न दुकानदाराला विचारले, तरी या उचलेगिरीला बराच आळा बसेल.

प्रत घ्यायचीच तर चांगली घ्यावी. चित्रकाराच्या देखरेखीखाली मोजक्या संख्येत काढलेल्या मुद्रितांवर पेन्सिलीने सही आणि प्रतीचा क्रमांक असतो. कागद आम्लविरहित आणि शाई पिगमेंटची असेल तर रंग दीर्घकाळ टिकतो. आपल्याकडच्या पावसात आणखी जपावे लागते. पश्चिमेची, ओल धरणारी बाहेरची भिंत टाळावी, काच आणि चित्र यांत माउंटचे अंतर ठेवावे, फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना छोटी बुचे लावून हवा खेळती ठेवावी आणि थेट ऊन येऊ देऊ नये. घर आठवडाभर बंद राहणार असेल, तर बुरशीची शंका धरूनच जागा निवडावी.

याहून चांगला मार्गही आहे. मोठ्या आकाराची छापील प्रत आणि तिची भारी फ्रेम यांवर जेवढा खर्च होतो, तेवढ्यात एखाद्या नवोदित चित्रकाराचे छोटे मूळ चित्र मिळू शकते. कर्जत आणि खोपोलीहून लोकल थेट मुंबईला जाते. सीएसएमटीपासून जे. जे. आणि काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी, दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. जहांगीरमध्ये प्रवेशाला पैसे पडत नाहीत. तिथे एकदा जाऊन मूळ चित्रासमोर निवांत उभे राहावे, चित्रकार हजर असेल तर त्याच्याशी बोलावे आणि मगच भिंतीसाठी खरेदी करावी. नव्या घरांच्या मालकांनी आणि त्यांच्या इंटिरियर डिझायनरांनी निदान एक भिंत तरी अशा मूळ चित्रासाठी राखून ठेवावी.