नोटीस कुत्र्याला वाचता येत नाही

लिफ्टच्या कोपऱ्यात लघवी, दुपारभर भुंकणे, मग सोसायटीची नोटीस आणि एके दिवशी कुत्रा दूर कुठेतरी सोडून दिलेला. उपाशी मरेल अशा स्थितीत प्राणी विनाकारण सोडणे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. तरीही हे घडते, कारण कुत्रा मुद्दाम त्रास देतो असा आपला समज!

टायरवर, सोफ्याच्या पायावर टाकलेले चार थेंब हा इतर कुत्र्यांसाठी ठेवलेला वासाचा निरोप असतो. फिनेलने पुसले तरी तो वास त्याला येतो आणि तो तिथेच परततो. म्हणून एन्झाइमयुक्त क्लीनर वापरावा. अमोनिया असलेला मुळीच नको. नसबंदीने अनेक नरांची ही सवय कमी होते, सर्वांची नाही. मात्र शिस्त लागलेला कुत्रा अचानक घरात वारंवार लघवी करू लागला, तर आधी पशुवैद्य गाठावा. मूत्रमार्गाचा संसर्ग, मूतखडा, मधुमेह, काहीही असू शकते.

भुंकण्याचे गणित वेगळे. कुरिअरवाला येतो, कुत्रा भुंकतो, कुरिअरवाला निघून जातो. कुत्र्याच्या लेखी हा विजय, तोही रोजचा. त्यात आपण ओरडलो तर जणू त्याला साथच दिली. त्यापेक्षा खिडकी झाकावी, गप्प बसल्याक्षणी खाऊ द्यावा. विजेचा झटका देणारे पट्टे भीतीच वाढवतात. दिवसभर कोंडलेल्या कुत्र्याला दोन वेळा नीट फिरवणे हे मालकाचे काम. आणि तक्रारदारांनीही थोडी मुदत द्यावी. अशी सवय आठवड्यात मोडत नाही.