आधी पट्टी वाकवा, मग सॉफ्टवेअर निवडा

यंत्राचा एखादा भाग घडविण्यापूर्वी तो संगणकावर रेखाटता येतो आणि त्यावर भार टाकून तो कोठे मोडेल हेही पाहता येते. ही सोय देणारी सॉफ्टवेअरे आज पुष्कळ आहेत. त्यांपैकी शाळेने कोणते घ्यावे? ‘मोठ्या कारखान्यात चालते ते’, असे उत्तर बहुधा मिळते. मला ते पटत नाही. ज्याचे उत्तर आपल्याला स्वतः पडताळून पाहता येईल, ते सॉफ्टवेअर आपले.

संगणक भागाचे हजारो लहान तुकडे कल्पितो, प्रत्येक तुकड्यावरचा ताण काढतो आणि जास्त ताणाची जागा तांबडी, कमी ताणाची निळी दाखवितो. चित्र मोठे देखणे असते. पण धातू कोणता, भाग कोठे धरला आहे, भार किती, हे सारे आपणच सांगितलेले असते. ते चुकीचे सांगितले तरी चित्र तितकेच देखणे येते! किर्लोस्करवाडीचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना काही रंग नीट ओळखता येत नसत. म्हणून चित्रकला सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिकवू लागले. तांबड्या-निळ्या चित्रावर ते भुलले नसते, असे मला उगाचच वाटते.

उत्तर पडताळायचे म्हणजे काय, याचे मोठे उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, पण त्याला भेगा पडल्या. त्या मुख्यतः कोठे पडल्या? भिंतीच्या मागील बाजूचा उतार जेथे एकदम बदलतो, त्या उंचीच्या आसपास. जमीन कशी हादरली याची नोंद धरणातल्याच उपकरणाने केली होती. म्हणजे प्रश्नही ठाऊक आणि उत्तरही ठाऊक. म्हणून जगभरचे संशोधक आपल्या नव्या गणनपद्धतींची परीक्षा कोयनेवर घेतात. अबॅकस या नामांकित सॉफ्टवेअरच्या नमुना उदाहरणांतही हे धरण आहे. धरण म्हणजे यंत्राचा भाग नव्हे, हे खरे; पण पंपाचा दंड जेथे एकदम बारीक होतो तेथेही ताण असाच एकवटतो. म्हणून त्या कोपऱ्याला गोलाई देतात.

आपल्याला शाळेत धरण नको, पोलादी फूटपट्टी पुरे. २५ मिलिमीटर रुंद व १ मिलिमीटर जाड पट्टी टेबलाच्या कडेला घट्ट आवळा आणि २० सेंटिमीटर बाहेर ठेवा. टोकाची उंची मोजा, तेथे ५० ग्रॅमचे वजन टांगा, पुन्हा मोजा. टोक सुमारे ३ मिलिमीटर खाली येते, आणि वाकण्याच्या सूत्रानेही तेवढेच येते. पट्टी १० सेंटिमीटरच बाहेर ठेवली तर वाकणे आठपटींनी कमी होते. आता हीच पट्टी संगणकावर रेखाटा. उत्तर जुळले नाही, तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी जाडी स्क्रू गेजने मोजा. जाडी १ ऐवजी १.१ मिलिमीटर असेल तर वाकणे पाऊणपटीच्या आसपास येते. तुकडे अधिक बारीक करूनही पाहा. उत्तर फार हलू लागले तर आधीचे तुकडे मोठे होते असे समजावे.

एवढ्या कामाला फ्रीकॅड पुरेसे आहे. ते विनामूल्य आहे, आणि ताणाचे गणित करणारे कॅल्क्युलिक्स त्याला जोडता येते. हे कॅल्क्युलिक्स विमानांची इंजिने बनविणाऱ्या एका जर्मन कंपनीतील अभियंत्यांनी फावल्या वेळात रचले. महागड्या सॉफ्टवेअरांच्या विद्यार्थी-आवृत्त्या काही कंपन्या फुकट वा सवलतीत देतात, पण त्यांना मुदत आणि अटी असतात. शाळेने त्यासाठी पैसे साठवीत बसू नये. त्या पैशांत एक चांगला स्क्रू गेज आणि वजने घ्यावीत. फ्रीकॅड शिकायला थोडे किचकट आहे, हे मात्र शिक्षकांनी आधीच लक्षात घ्यावे.

पट्टी जुळली की मग नांगराचा फाळ घ्या. किर्लोस्करांचे नाव लोखंडी नांगरानेच शेतकऱ्यांत पोहोचले, आणि ‘लोखंडाने जमीन नासते’ या समजुतीशी त्यांना झगडावे लागले. फाळाचा आकार तुम्ही संगणकावर तासाभरात रेखाटाल. पण पलूसच्या काळ्या जमिनीत माती त्याला किती जोराने अडविते? ते कोणत्याच सॉफ्टवेअरला आपोआप कळत नाही. त्यासाठी नांगर आणि बैलांचे जू यांच्यामध्ये ताणकाटा अडकवून, एक तास धरायचा आणि चालता चालता आकडे टिपायचे.