नाकातला फवारा आणि 'लोक काय म्हणतील'

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. विषय माझ्या नेहमीच्या लिखाणातला नाही. पण आपल्या नात्यातली, ओळखीतली कितीतरी मुलं अमेरिकेत आहेत, तेव्हा वाचून झालं की त्यांच्याकडे पाठवा.

तिकडे मोठ्या ऑपरेशननंतर डॉक्टर कधीकधी ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन अशा वेदनाशामक गोळ्या देतात. या सगळ्या अफूच्या गोतावळ्यातल्या. ठरवून दिलेल्या मात्रेत दुखणं थांबवतात, मात्रा फार झाली तर श्वासच थांबवतात. त्यावर उतारा आहे, त्याचं नाव नॅलोक्सोन. नाकात मारायच्या फवाऱ्याच्या रूपात ते मिळतं आणि २०२३ पासून अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतं. माझं म्हणणं एवढंच, की ज्या घरात या गोळ्या आल्या, त्या घरात हा फवाराही आला पाहिजे.

गेल्या वर्षी जावयांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी लेकीकडे होते. फवारा आणायचं मी सुचवलं आणि घरात एकदम शांतता पसरली. आमच्या विहीणबाईंनी (त्या हे वाचतात, रागावणार नाहीत अशी आशा) फोनवरूनच विचारलं, "अहो, कोणी पाहिलं तर काय म्हणेल? आपल्या घरात काय गर्दुल्ले आहेत?" दुसरा आक्षेप दिराचा. उतारा हाताशी असला की पोरं निर्धास्त होऊन नको ते करतील म्हणे!

मी अठरा वर्षं कोकणातल्या शाळेत शिकवलं. आरोग्य केंद्रात सर्पदंशावरची लस असते हे आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक होतं. म्हणून एकानेही बिळात हात घातलेला मला आठवत नाही. आणि धोका काय फक्त व्यसनी माणसालाच असतो? सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सकाळची गोळी घेतली की नाही हे दुपारी आठवत नाही. त्यात झोपेची गोळी किंवा दारू जोडीला असली की संकट दुप्पट. शिवाय लहान मुलांच्या हाती लागणारी बाटली असतेच. २०२३ साली अमेरिकेत अमली पदार्थ आणि औषधांच्या अतिमात्रेने एक लाखाहून अधिक माणसं गेली, २०२४ साली सुमारे ८० हजार. बहुतेकांच्या मृत्यूमागे अफूच्या जातीचीच द्रव्यं होती. नॅलोक्सोन शोधणाऱ्यांपैकी एक जॅक फिशमन. १९६१ साली त्यांनी आणि लेवेनस्टाईन यांनी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९७१ साली अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. त्याच फिशमन यांचा सावत्र मुलगा २००३ साली हेरॉइनच्या अतिमात्रेने गेला. शोध लागून चाळीस वर्षं झाली होती.

पण फवारा आणून कपाटात टाकला म्हणजे झालं, असंही नाही. तो वापरायचा कसा हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. माणूस हाकेला ओ देत नाही, छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या पेरांनी जोरात घासलं तरी जागा होत नाही, श्वास अगदी मंद किंवा घरघरता, ओठ निळसर, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. असं दिसलं की आधी ९११ ला फोन. मग उताणं निजवून, मान मागे कलती करून, एका नाकपुडीत फवारा. "चालतो का बघू" म्हणून आधी दाबून पाहू नका, त्यात एकच मात्रा असते. श्वास चालत नसेल आणि तुम्हाला येत असेल तर तोंडाने श्वास द्या. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा फवारा दुसऱ्या नाकपुडीत. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तर घशात अडकणार नाही. अंदाज चुकला आणि त्या माणसाने अफूजन्य काही घेतलेलंच नसलं, तरी या औषधाने सहसा अपाय होत नाही. तेव्हा विचार करत वेळ घालवू नका.

खरी गफलत इथून पुढे होते. माणूस डोळे उघडतो, "मला काही झालं नाही" म्हणतो आणि घरचे रुग्णवाहिका परत पाठवायला निघतात! आमच्या शाळेतल्या संगीत खुर्चीसारखं आहे हे. मेंदूतल्या ज्या खुर्च्यांवर अफूचे रेणू बसलेले असतात, तिथून नॅलोक्सोन त्यांना उठवतं आणि स्वतः बसतं. पण ते साधारण अर्ध्या ते दीड तासात उठून जातं. उठवलेली मंडळी तोवर तिथेच रेंगाळत असतात, खुर्ची रिकामी झाली की पुन्हा बसतात आणि श्वास पुन्हा मंदावतो. म्हणून माणूस बोलायला लागला तरी त्याला एकटं सोडायचं नाही, रुग्णालयात न्यायचंच. जागा झाल्यावर तो चिडेल, ओकेल, दुखणं परत आलं म्हणून ओरडेल, तीच गोळी पुन्हा मागेल. ती द्यायची नाही.

आणखी एक. अशा बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉलही मिसळलेलं असतं (तिकडे त्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात). त्याच्या अतिमात्रेने यकृत खराब होतं आणि त्यावर नॅलोक्सोनचा काडीचाही उपयोग नाही. त्याचा उतारा वेगळा, तो रुग्णालयातच मिळतो आणि जितका लवकर तितका बरा. पहिल्या दिवशी माणूस ठणठणीतही दिसू शकतो, त्यावर जाऊ नका.

लेकीच्या घरी शेवटी फवारा आला, दोनांची खोकी २०२३ साली पंचेचाळीस डॉलरच्या आसपास मिळायची. गोळ्या कुलपात आणि फवारा मात्र कुलपाबाहेर, हे मी तिथून निघण्यापूर्वी पाहून घेतलं. जावई म्हणाले, "आई, परीक्षा घेतल्याशिवाय तुम्ही विमानात बसणार नाही असं दिसतंय." घेतलीच मी, धाकट्या नातवासकट सगळ्यांची.

आपल्याकडच्या वाचकांसाठी: इथेही ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्या किंवा कर्करोगाच्या दुखण्यावर फेंटानिलच्या पट्ट्या घरी असतात. नॅलोक्सोन मात्र इथे प्रामुख्याने रुग्णालयातलं इंजेक्शन आहे. तेव्हा महाराष्ट्रात १०८ ला फोन करा, पट्टी लावलेली असेल तर ती काढा आणि गोळ्यांचं पाकीट रुग्णाबरोबर पाठवा.